बर काढलेलं नाणं

भिलाईत कॅम्प-१ च्या बाजारात पत्रा ठोकायचा आवाज सुरू झाला की मी समजते, आला उन्हाळा. होळीची राख अजून चौकात असते, तोच कूलरवाले रस्त्याच्या कडेला येऊन बसतात. जस्ती पत्रा कापायचा, वाकवायचा, ठोकायचा, तीन बाजूंनी जाळी लावायची, जाळीत खस, म्हणजे वाळा, दाबून भरायची. सकाळपासून ठाणठाण. कडुनिंब फुललेला असतो, गावाकडून येणाऱ्या बायकांच्या टोपल्यांना मोहाचा वास असतो, हे सगळं खरं आहे. पण त्यावर लिहायला माझ्याहून गोड माणसं पडली आहेत. मला उन्हाळा म्हटलं की कापलेल्या पत्र्याची कड आठवते.

यंदा आमच्या हुडको कॉलनीतल्या घरी नवा कूलर आला. जुन्याची टाकी गंजून खाली आली होती. आणून देणारा माणूस स्टँडवर तो नीट बसवत होता, आणि आई उत्साहाने पुढे झाली, टाकीत हात घालून खसेचा कचरा काढायला लागली. व्हायचं तेच झालं. बोट कापलं. आई "बरं" म्हणाली आणि बोटाला पदर गुंडाळून आत गेली. आईचं सगळं "बरं"च असतं. बाबा व्हरांड्यात खुर्चीवर होते. त्यांनी पदराच्या लाल टोकाकडे पाहिलं, पत्र्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"ऐंशी हजार घासून टाकले होते मी," ते कूलरवाल्याला म्हणाले. "तेव्हापासून कानस हातात घ्याची हिंमत नाही होत."

"कौनसे अस्सी हज़ार, अंकल?" त्याने विचारलं.

विचारायला नको होतं. बाबांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पहिल्यापासून सगळी गोष्ट सांगितली. आठ वर्षांत ती गोष्ट मी किती वेळा ऐकली असेल, मोजलेलं नाही. दर वेळी मी उठून आत जाते. त्या दिवशीही गेले.

त्या ऐंशी हजारांचं सांगायचं तर आधी बर म्हणजे काय ते सांगायला हवं. लोखंड कापलं, भोक पाडलं, की कडेला एक पातळ, धारदार किनार उरते. डोळ्याला दिसत नाही, बोटाला लगेच कळते. कारखान्यात तिला बर म्हणतात. बाबा इथल्या पोलाद कारखान्याच्या मशीन शॉपमध्ये चौतीस वर्षं फिटर होते. भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातून, धानाच्या बांध्यांतून उठून ते इथे आले आणि त्यांना पहिलं काम मिळालं ते बर काढायचं. पुढे मोठी कामं मिळाली, मोठ्या मशीन मिळाल्या, पण बोटांना लागलेली सवय गेली नाही. कुठलीही वस्तू हातात आली की अंगठा आधी तिच्या कडेवरून फिरायचा. नवा डबा आणला, घास. कंपासपेटी आणली, घास. दाराची कडी, किसणीची मागची बाजू, आईच्या पोळपाटाची पत्र्याची पट्टी, सगळं खिडकीला बसवलेल्या लहान शिकंज्यात, लोखंडी पकडीत, धरून कानशीने गुळगुळीत. मी चोवीस वर्षांची झाले तोवर घरातल्या कुठल्याही वस्तूने मला साधं ओरखडलंसुद्धा नव्हतं. आमच्या घरात धार होती ती फक्त माझ्या जिभेला.

ती कुठून आली मला ठाऊक नाही. आई "बरं" म्हणणारी, बाबा बर काढणारे. त्यांच्या पोटी मी कशी निपजले याचं शेजारीपाजारी उघड नवल करायचे. मला त्याचा अभिमान होता. गोड बोलणारी माणसं मला तेव्हा लबाड वाटायची आणि मी खरं बोलते असा माझा ठाम समज होता.

आठ वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात माझ्याजवळ दोन गोष्टी होत्या. इतिहासातलं एम. ए. आणि राज्यसेवेच्या परीक्षेत दोनदा नापास झाल्याचा अनुभव. तिसरी गोष्ट एप्रिलमध्ये आली. पुण्याला जुन्या नाण्यांचा एक वर्षाचा अभ्यासक्रम होता, त्यासाठी मी अर्ज केला होता, आणि निवड झाल्याचं पत्र आलं. बारा वर्षांची असल्यापासून मी नाणी जमवत होते. माझ्या आयुष्यात मला खरोखर येत असलेली ती एकच गोष्ट होती. फी, हॉस्टेल, जाणं-येणं धरून अठ्ठ्याहत्तर हजार लागणार होते आणि जूनच्या शेवटापर्यंत भरायचे होते. बाबा त्याच वर्षी रिटायर होणार होते. कंपनीचं क्वार्टर सोडावं लागणार म्हणून त्यांनी असेल नसेल ते सगळं या हुडकोच्या घरात घातलं होतं. पत्र वाचून ते म्हणाले, "पुढच्या सालाले पाहू, बेबी." मी म्हणाले, "पुढच्या सालाले तुम्ही फक्त टीव्ही पाहान." आई आतून "बरं, बरं" म्हणाली.

नेमका त्याच उन्हाळ्यात मोबाइलवर तो व्हिडिओ आला. चुकीचं छापलेलं दोन रुपयांचं नाणं, दहाचं नाणं, किंमत लाखांत. एकाने दुसऱ्याला पाठवला, दुसऱ्याने दहा जणांना, आणि आठवड्याभरात अख्खं गाव गल्ले फोडून बसलं. देवासमोरच्या वाटीतली चिल्लर, लग्नाच्या आहेरातली पाकिटं, पोरांच्या मातीच्या गुल्लका, सगळं चाळणीतून निघालं. पेपरवाला सुट्टे देईना. भाजीवाल्या सुट्टे घेताना नाणं उलटंसुलटं करून बघायच्या. आणि कोणीतरी कोणाला तरी सांगितलं की खुर्सीपारच्या नाक्याजवळच्या क्वार्टरमध्ये एक महाराष्ट्रियन मुलगी आहे, ती नाण्याची किंमत सांगते.

दुपारचे चार वाजले की आमच्या व्हरांड्यात रांग लागायची. ऊन उतरलेलं नसायचं. कूलरची ओली हवा दारातून बाहेर यायची आणि तिच्या वाटेत बसायला माणसं एकमेकांना सरकवायची. मी वेताच्या मोढ्यावर बसलेली. पुढे स्टूल, स्टुलावर भिंग, सोनाराचा लहान काटा आणि पाटीचा तुकडा. नाणं काट्यावर ठेवायचं, वजन बघायचं. पाटीवर टाकून आवाज ऐकायचा. मग भिंगाखाली कड. लोक नाण्याचं तोंड बघतात. जाणकार कड बघतो, कारण टांकसाळीत जे काही बिघडतं ते कडेवर लिहिलेलं असतं. चकती ठशाखाली नीट बसली नाही तर चित्र एका बाजूला घसरतं. चकती कापतानाच पत्रा अपुरा पडला तर नाण्याला चावा घेतल्यासारखी खोच राहते. मग किंमत कशी लावायची? चूक किती मोठी, तशी किती सापडतात आणि टांकसाळीतून निघाल्यावर कोणी तिला हात लावलाय का. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. घासलेलं, धुतलेलं, चमकवलेलं नाणं संपलं. हे सगळं समजावून सांगायचा मला कंटाळा होता. म्हणून मी एक वाक्य तयार केलं होतं.

"टकसाल की ग़लती हो तो क़ीमत है, आपकी हो तो कचरा."

ऐकायला छान वाटायचं. मला तरी वाटायचं.

पहिल्याच आठवड्यात साहू काकी आल्या. मागच्या ओळीत राहायच्या, नवरा वारलेला, सुनेजवळ होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि ऑपरेशनचं सून काही मनावर घेत नव्हती. पदराची गाठ सोडून त्यांनी एक रुपया काढला. चपटा, लांबट, अक्षरं पसरलेली. "बेटी, एला देख तो," त्या म्हणाल्या. "कतका मिलही?" किती मिळतील हे विचारताना त्यांचा आवाज एवढा हळू होता की मागच्यांना ऐकू जाऊ नये असं त्यांना वाटत असावं. मी भिंगसुद्धा उचललं नाही. म्हणाले, "काकी, इसके ऊपर से मालगाड़ी गई है. चाहो तो ड्राइवर से पूछ लो." व्हरांडा हसला. रुळावर नाणं ठेवून चपटं करायचा खेळ इथल्या प्रत्येक पोराने खेळलेला असतो. साहू काकीही हसल्या. मग त्यांनी तो रुपया पुन्हा पदराला बांधला, गाठ नीट मारली, आणि दाराची चौकट हाताने चाचपत पायरी उतरल्या.

खुर्सीपारच्या एका वेल्डरची गोष्ट मी पुढे बरीच वर्षं मिटक्या मारत सांगितली. त्याने खोच असलेलं पाचचं नाणं आणलं होतं. काम इतकं सुबक की क्षणभर मीही फसले. हे इथलं खास आहे. इतर गावांत लोक पकडीने नाणं वाकडं करतात आणि लाख मागतात. भिलाईत खोटी चूकसुद्धा मापात असते. पण टांकसाळीत खोच असलेल्या चकतीवर ठसा पडला की खोचेच्या बरोबर समोरची कड फिकी येते, कारण तिकडे दाबाला आधार मिळत नाही. मी नाणं फिरवून समोरची कड पाहिली. ती ठसठशीत होती. "भैया, एक ग़लती तो बढ़िया बनाई," मी म्हणाले, "सामने वाली बनाना भूल गए." तो लाजून इतका लाल झाला की त्याच्या मागच्या माणसाने आपली पुडी उघडलीच नाही, तसाच निघून गेला.

मला मजा यायची. हे कबूल करायला हवं. दोन वर्षं कुठल्यातरी खोलीत बसलेल्या, तोंडही न दिसणाऱ्या माणसांनी माझ्या उत्तरपत्रिका उचलून बाजूला ठेवल्या होत्या. आता मी उचलून ठेवत होते. माणूस रांगेत पुढे सरकताना त्याच्या डोळ्यांत घर बांधून झालेलं असायचं, मुलीचं लग्न झालेलं असायचं, आणि मी दोन शब्दांत ते सगळं खाली आणायचे. पुण्याच्या पत्राची घडी माझ्या उशीखाली होती. जूनच्या शेवटापर्यंतचे दिवस मी कॅलेंडरवर खोडत होते. माझं घर कोणी बांधून देत नव्हतं, मग इतरांचं मी कशाला उभं राहू देऊ, असा माझा हिशेब होता.

बाबांची तेव्हा पहिली पाळी असायची. दुपारी येऊन, आंघोळ करून ते व्हरांड्याच्या कोपऱ्यात बसायचे, तंबाखू चोळायचे. काही बोलायचे नाहीत. माझ्या शब्दांवर व्हरांडा हसायचा तेव्हा ते हसत नसत, हे मी पाहिलं होतं आणि त्याचा मला राग होता. एक दिवस लोक गेल्यावर त्यांनी विचारलं, "खरं सापडते का कोणाले?"

"हजारात एखाद्याले."

"अन् त्याचं काय मिळते?"

"चुकीवर आहे," मी म्हणाले आणि काटा उचलून आत गेले. बापाला दोन मिनिटं बसून समजावलं असतं तर काय बिघडलं असतं? कमीजास्त चूक म्हणजे काय, हात लावायचा नाही म्हणजे काय, एवढंच. सबंध उन्हाळा मी अनोळखी माणसांना भिंगातून बघत होते आणि त्या एका प्रश्नाला मी जेमतेम दोन शब्द दिले.

पुढचं मला आईने नंतर सांगितलं. पाळी सुटली की बाबा खुर्सीपारच्या टपऱ्यांवर थांबायला लागले होते. चहा प्यायचा आणि टपरीवाल्याला म्हणायचं, कोणी घेत नाही असे सिक्के असतील तर दाखव. वाकडे, खराब, परत आलेले. दहा रुपयाची नोट द्यायची आणि दहाचे ते टाकाऊ सिक्के घ्यायचे. महिनाभर. रोज दोन-तीन चहा. पित्ताचा त्रास असलेला माणूस. घरी आणून ते खिडकीत बसून चाळायचे आणि सगळे परत पिशवीत भरायचे. मला त्यांनी यातलं काही कळू दिलं नाही, आणि मी त्यांच्याकडे बघत नसल्यामुळे लपवायला त्यांना कष्टही पडले नसावेत.

मे संपत आला होता. रविवार होता. व्हरांड्यात नेहमीपेक्षा गर्दी, बाहेर लूचा गरम वारा, पत्र्याच्या शेडवर वाळलेली पानं खरखरत होती. बाबा रांगेत उभे होते. मी आधी पाहिलं नाही. चारपाच जण झाले आणि पुढे बाबा आले, इस्त्रीचा शर्ट घातलेले. मोढ्यासमोर उकिडवे बसले आणि तंबाखूची रिकामी डबी उघडून स्टुलावर ठेवली. आत मशीन पुसायच्या सुताचा गुंता, सुतात एक दोन रुपयांचं नाणं.

चित्र एक तृतीयांश घसरलेलं होतं. एका बाजूला अक्षरं कडेबाहेर पडून अर्धी तुटलेली आणि दुसऱ्या बाजूला कोरी, पांढरी चंद्रकोर. खरी चूक. टांकसाळीची, ठसठशीत, सबंध उन्हाळ्यात पहिली. मी नाणं कडेने धरलं, आणि बोटाला काही लागलं नाही.

लागायला हवं होतं. चकती अशी घसरते तेव्हा धातू मोकळ्या बाजूला पसरतो आणि तिथे धार राहते. मी भिंग लावलं. चंद्रकोरीच्या कडेवर कानशीचे एकसारखे, तिरपे घाव होते. त्यावर पॉलिश पेपर फिरवलेला. मग कापडाने चमक दिलेली. काम सुंदर होतं. चौतीस वर्षांचा हात होता तो.

"बाबा, हे काय केलं?"

"बर होता," ते म्हणाले. "बोट कापून राहिला होता. तुयाकडे असा कसा आणू? इन्स्पेक्शनले माल बर काढूनच जाते." मग माझा चेहरा पाहून घाईने म्हणाले, "चुकीले हात नाही लावला. चूक आहे तशीच ठेवली, पाह्य तू."

त्यांनी मला इन्स्पेक्शन मानलं होतं. साऱ्या गावाच्या नाण्यांना मी नाकं मुरडते, तर माझ्यापुढे येताना आपली वस्तू साफसूफ असावी, एवढंच त्या माणसाला वाटलं होतं. हे मला आता कळतं. तेव्हा मला फक्त पुणं दिसत होतं, आणि ते त्या तिरप्या घावांखाली गेलेलं दिसत होतं.

घरात आम्ही मराठीच बोलतो. मी मुद्दाम हिंदीत बोलले, कोणाला समजायचं राहू नये म्हणून. "अस्सी हज़ार का सिक्का था," मी व्हरांड्याला सांगितलं. "बाबा ने घिस दिया. अब दो रुपये का है." आणि मग, कोणी विचारलं नसताना, माझं ते ठरलेलं वाक्यही ऐकवलं. "टकसाल की ग़लती थी, तब क़ीमत थी. अब ग़लती आपकी है."

त्या वाक्याचा उरलेला तुकडा मी बोलले नाही. गरज नव्हती, इतके दिवस ऐकून तो सगळ्यांना पाठ झाला होता. या वेळी मात्र व्हरांडा हसला नाही. मागे कोणीतरी खोकलं. बाबांनी नाणं उचललं, त्यांचा अंगठा कडेवरून एकदा फिरला. "गुळगुळीत मात्र झालं होतं," ते म्हणाले. डबी बंद करून ते आत गेले. खिडकीतला शिकंजा त्यांनी संध्याकाळी काढला आणि कानशी पेटीत टाकल्या.

आता खरी किंमत सांगते. कानस लागली नसती, तर त्या नाण्याचे अडीच हजार आले असते. चांगलं गिऱ्हाईक मिळालं तर तीन. ऐंशी हजार हा आकडा मी तिथल्या तिथे काढला होता. फी, हॉस्टेल, जाणं-येणं मिळून अठ्ठ्याहत्तर, वर दोन. बाबांना लागायला हवा म्हणून मापाने काढलेला आकडा होता तो. उन्हाळाभरात शेकडो नाण्यांचे अंदाज सांगितले, पण इतका नेमका कुठलाच नव्हता.

पुण्याला मी गेले नाही. दुर्गच्या एका खाजगी शाळेत इतिहास शिकवते. व्हिडिओचं वेड दोन महिन्यांत ओसरलं, रांग संपली. साहू काकींच्या डोळ्याचं ऑपरेशन शेवटी सरकारी शिबिरात झालं, पण उशीर झाला होता. त्या डोळ्याने त्यांना आता उजेड तेवढा कळतो. मधे एकदा बाजारात भेटल्या तेव्हा माझ्या आवाजावरून त्यांनी मला ओळखलं आणि विचारलं, "अभी भी सिक्का देखथस, बेटी?" मी नाही म्हणाले. खरं तर अजून लोक मोबाइलवर फोटो पाठवतात आणि मी किंमत सांगते. हल्ली आधी "छान जपलंय" असं लिहिते. लोकांना वाटतं मी सुधारले.

आणि बाबांचं ते वाक्य सुरू झालं. रिटायरमेंटच्या निरोपाला हार गळ्यात असताना, माइकवर. "ऐंशी हजार घासून टाकले मी." सगळे हसले. गृहप्रवेशाला. मला बघायला आलेल्या नागपूरच्या मंडळींपुढे, पोह्यांच्या बशा हातात असताना. नळवाला, इलेक्ट्रिशियन, आईचं बीपी बघायला आलेली नर्स. हसत सांगायचे, आणि सांगताना एकदा माझ्याकडे बघायचे. मी उठून जायचे. पहिल्या वर्षी रागाने उठायचे. नंतर शरमेने. त्यांनी आपली जखम अशी वाटून वाटून हलकी करायची सवय लावून घेतलीय असं मला वाटायचं, आणि ती जखमच मुळात खोटी आहे हे मला एकटीला ठाऊक होतं. सांगून टाकावं असं शंभरदा मनात आलं. पण पहिल्या दिवशी जे एका वाक्यात झालं असतं त्याला दुसऱ्या वर्षी कारण द्यावं लागलं असतं, आणि पाचव्या वर्षी कुठलंच कारण पुरलं नसतं. घरात मात्र हळूहळू धार परत आली. नव्या कपाटाच्या पत्र्याने माझी ओढणी फाटली. किसणीने आईचा अंगठा सोलला. बाबा बघायचे आणि हात लावायचे नाहीत.

कूलरवाला त्या दिवशी गोष्ट ऐकून हळहळत गेला. आई बोटाला पट्टी बांधून स्वयंपाकघरात कैऱ्या उकडत होती, वास बाहेर येत होता. नव्या कूलरची हवा अजून गरमच होती, खस भिजायला वेळ लागतो. मी व्हरांड्यात आले. आईच्या रक्ताचा एक ठिपका फरशीवर वाळला होता. तो पुसायला म्हणून मी खाली बसले आणि बसूनच राहिले.

"बाबा, ते नाणं ऐंशी हजाराचं नव्हतं," मी म्हणाले. "बर असता तरी नव्हतं. अडीच हजाराचं होतं, लय झालं तर तीन. मी खोटं बोलली. तुमाले लागावं म्हणून बोलली."

बाबा तंबाखू चोळत होते. चोळणं थांबलं नाही.

"अडीचच," ते म्हणाले. "तीन कोणी देत नाही."

मी वर पाहिलं.

"जूनमध्ये सुमनच्या लग्नाले नागपूरले गेलो नव्हतो का मी? डब्बी खिशात घेऊन गेलो होतो. इतवारीत एक सेठ आहे सिक्केवाला. त्यानं पाह्यलं अन् म्हणला, काका, घासलं नसतं तं अडीच हजार देल्ले असते."

सुमन म्हणजे माझी आतेबहीण. तिचं लग्न त्याच जूनमध्ये झालं होतं, पंधरा तारखेच्या आत. मी खोटं बोलल्याला तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. बाबांना तीन आठवड्यांत कळलं होतं. म्हणजे निरोपाच्या माइकवर ठाऊक होतं. नागपूरच्या मंडळींपुढे ठाऊक होतं. आज सकाळी, कूलरवाल्याला खुर्ची देताना ठाऊक होतं.

"मग लोकाईपुढं दर वेळी कावून सांगत होते?"

"लोकाईले नव्हतो सांगत," बाबा म्हणाले. "तू ऐकून राहिली होती ना."

मला रडू यायला हवं होतं. आला तो राग, जुना, ओळखीचा, जिभेच्या टोकावर. आठ वर्षं. इतकी वर्षं हा माणूस हसत हसत मला सगळ्यांसमोर उभी करत होता आणि मी त्याची कीव करत होते.

"एकदाच सांगाचं होतं मले तोंडावर," मी म्हणाले. "आठ वर्षं कायले?"

बाबांनी तंबाखू ओठाखाली ठेवली, हात झटकले. मग वाकून नव्या कूलरच्या कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, आईचं बोट कापलं होतं तिथून.

"एका झटक्यात नाही निघत बर," ते म्हणाले. "जोर लावला तं कड तुटते. हळूहळू घासा लागते." आणि थोडं थांबून, "जा, कानस आण. पेटीत खाली असन."

मी आणली. तिच्यावर गंज आला होता, तो त्यांनी पायजम्याला पुसला. चष्मा लावला, गुडघा टेकून बसले आणि एका लयीत घासायला लागले, पुढे दाबून, मागे उचलून, लहानपणापासून ऐकलेला तो आवाज. पत्र्याची पांढरी भुकटी फरशीवर पडत होती. मी समोर बसले होते, स्टुलापुढे लोक बसायचे तशी. बऱ्याच वेळाने ते थांबले आणि कडेवरून अंगठा फिरवला.

"निघाला?" मी विचारलं.

"अजून आहे थोडा," बाबा म्हणाले. ते पत्र्याकडे बघत नव्हते.